उचलून बघायची नाणी: प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने खिडकीजवळचं टेबल द्यायला होकार दिला. तिथे 1957 ते 2011 या काळातली भारतीय चिल्लर मांडायची. एक पैशापासून आठ आण्यांपर्यंत सगळी, आणि सोबत थोडी रुपया-दोन रुपयांची. उघडे लाकडी ट्रे, काच नाही, कुलूप नाही. वर पाटी: ‘उचलून बघा’.

तारीख 1 एप्रिल ठरवली, कारण 1957 साली त्याच दिवशी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. शेवटचं टोक 30 जून 2011. त्या दिवसापासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने आजही चालतात, दुकानदार घेत नाहीत ही गोष्ट वेगळी.

ट्रेसाठी नियम एकच केला आहे. कुठलंही नाणं हरवलं किंवा एखाद्या पोराच्या खिशातून घरी गेलं, तरी पुढच्या फेरीत तसंच दुसरं आणता आलं पाहिजे. त्यामुळे चांदी, प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास पाडलेले चकचकीत संच), दुर्मीळ सालं, हे सगळं बाद. मोठे संग्राहक ज्या नाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत तेवढीच घ्यायची. मला तीच आवडतात.

12 जानेवारी, रविवार

पुण्याचा जुना बाजार. सकाळी लवकर गेलं की फडकी नुकतीच पसरलेली असतात आणि माल कुणी चाळलेला नसतो. पुढे राणी व्हिक्टोरियाचे रुपये (बरेचसे नवे ओतलेले), मध्ये मराठेशाहीतली तांब्याची शिवराई नाणी, मागे गोणपाटात चिल्लर.

विक्रेता म्हणाला, “ताई, ते कशाला चिवडता? ते भंगारवाल्याला देतो मी. इकडे बघा, चांगला माल दाखवतो.” मी गोणपाटच मागितलं. किलोवर भाव ठरला. ॲल्युमिनियमच्या भावापेक्षा थोडा जास्त, एवढंच.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ भिंग लावून शिवराई बघत होते. जाणकार माणूस, अक्षरांची वळणं बघून नाणं कोणत्या काळातलं ते सांगत होते. माझ्या पिशवीत डोकावून म्हणाले, “ॲल्युमिनियममध्ये काही ठेवलेलं नाही. कोटींनी पाडलीत ही. ओरखडा पटकन पडतो, चकाकी राहत नाही, उद्या विकायला गेलात तर कुणी उभं करणार नाही.” बाजाराच्या हिशेबाने त्यांचं बोलणं सोळा आणे खरं आहे. पण त्यांच्या हातातली शिवराई तरी काय होती? तांब्याचं नाणं, भाजीपाल्याचं, बाजारहाटाचं. शिवकाळातला सोन्याचा होन सामान्य माणसाने क्वचितच पाहिला असेल, शिवराई मात्र त्याच्या कनवटीला होती. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं घराघरांत पोचली ती चिल्लरीवरून. ती शिवराई आज मखमलीवर ठेवतात आणि ठेवलीच पाहिजे. पैशा-दोन पैशांच्या नाण्याला तेवढी वर्षं अजून मिळालेली नाहीत, एवढाच फरक मला दिसतो.

त्यांनी निघताना एक शिवराई माझ्या हातावर ठेवून दोन ओळी वाचून दाखवल्या. आनंद वाटला.

19 जानेवारी, रविवार

वर्गवारी. आधी लोहचुंबक फिरवला. ढिगातून नाणी आपोआप वेगळी होतात ती बघण्यात मजा आहे.

ॲल्युमिनियम जागचं हलत नाही. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं नाणंही हलत नाही. 1988 पासूनचं पोलाद उडी मारून चिकटतं. आणि अधूनमधून एखादं जुनं, करडं, जड नाणं चिकटतं ते शुद्ध निकेलचं, साठच्या दशकातलं. चार आण्यांच्या एकाच दर्शनी किमतीत तीन धातू सापडले: आधी निकेल, 1972 पासून तांबं-निकेल, मग पोलाद. निकेल बाहेरून आणावं लागायचं, महाग पडायचं. नाण्यातला धातू नाण्यावर छापलेल्या किमतीच्या जवळ पोचला की टांकसाळ धातू बदलते, नाहीतर लोक नाणं वितळवतात. दुसऱ्या महायुद्धात भोकाचा पैसा आला तोही धातू वाचवायला. साठच्या दशकात छोट्या नाण्यांसाठी ॲल्युमिनियम आलं त्याचं कारण तेच: 1964 साली षटकोनी तीन पैसे, 1965 पासून एक आणि दोन पैसे, 1967 पासून पाच पैसे, 1971 पासून दहा.

मग काटा. चौकोनी ॲल्युमिनियमचा पैसा पाऊण ग्रॅमचा. म्हणजे दहा रुपयांचे एकेक पैसे मोजून घेतले तर हजार नाणी आणि वजन पाऊण किलो. पाच पैशांची दोन ढिगांत विभागणी झाली. आधीची दीड ग्रॅमची, ऐंशीच्या दशकातली नंतरची एक ग्रॅमची. डोळ्यांना फरक जाणवत नाही, अंगठा आणि तर्जनीत धरलं की लगेच कळतो. महागाई वाचून समजण्याऐवजी बोटांना समजते, हे मला या नाण्यांनीच शिकवलं.

ढिगात दोन वस्तू अशा निघाल्या की कुठलाही संग्राहक त्या बाजूला टाकेल. एक वीस पैसे, मधोमध भोक पाडून वायसर म्हणून वापरलेलं. भोकाभोवती नटाच्या दाबाचा गोल चकचकीत वळ आहे आणि सहाही कोपरे शाबूत आहेत. दुसरं पाच पैशांचं, रुळावर ठेवून आगगाडीखाली चपटं केलेलं. पानासारखं लांबुळकं झालंय, कड कागदाइतकी पातळ, अशोकस्तंभाचे सिंह पार पुसलेत आणि मागचा 5 मात्र ताणून लांब झालेला वाचता येतो. दोन्ही ट्रेमध्ये जाणार, पहिल्या रांगेत.

2 फेब्रुवारी, रविवार

धुलाई. थोडक्यात लिहून ठेवते, कारण पुढे कुणी हे काम हाती घेतलं तर उपयोगी पडेल. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा, चुना, मीठ काहीही लावायचं नाही, धातू खाल्ला जातो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवून मऊ सुती कापडावर निथळायचं, घासायचं नाही. गोंद-स्टिकर असेल तर ॲसिटोन. कांस्याच्या नया पैशाला चिंच किंवा पितांबरी लावली की तो गुलाबी चमकतो आणि कायमचा बिघडतो. काळपट तपकिरी रंग हीच त्याची कमाई आहे.

8 फेब्रुवारी, शनिवार

आत्या आली होती. 1957 साली ती प्राथमिक शाळेत होती. कांस्याचा नया पैसा तिच्या हातावर ठेवला आणि तिने न अडखळता म्हणून दाखवलं: “आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस.” शाळेत पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं म्हणे.

यातली मेख बघण्यासारखी आहे. रुपयाचे सोळा आणे, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पाव पैशाचं नाणं नाही, तेव्हा सहा धरायचे. पण तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस, ते एकोणीस धरायचे. आत्या म्हणाली, “आई सांगायची, आण्याची वस्तू तीनदा आण, एकदम तीन आणू नकोस. अठरात भागतं.” एका पैशाची बचत, पण घरात ती मोजली जायची.

नया पैशाच्या मागे लिहिलंय ‘रुपये का सौवां भाग’. पाच नये पैशांवर ‘रुपये का बीसवां भाग’, दहावर ‘रुपये का दसवां भाग’. नाणंच लोकांना नवा हिशेब शिकवत होतं. तोवर चालत आलेली चवली-पावली (दोन आणे, चार आणे) पुढेही काही वर्षं सोबत फिरत होती. 1 जून 1964 पासून ‘नया’ शब्द गळला आणि नुसता पैसा राहिला. आत्या मात्र आजही चार आणे, आठ आणेच म्हणते.

तिने चपटं झालेलं पाच पैसे बराच वेळ बोटांत फिरवलं. “हा कुणाचा तरी मार खाल्लेला आहे,” म्हणाली. पैसे रुळावर ठेवले म्हणून घरी ओरडा बसायचा.

23 फेब्रुवारी, रविवार

भिंगाखाली टांकसाळीच्या खुणा. सालाच्या खाली बघायचं. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई, पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाची टांकसाळ 1988 ची, म्हणून ठिपका पोलादी नाण्यांवर भेटतो.

वाचनालयात अभ्यासाला येणारी दोन मुलं मदतीला बसली. एका तासात ती माझ्यापेक्षा वेगाने खुणा ओळखू लागली. कोलकात्याची कोरी जागा ओळखायला सगळ्यात अवघड, कारण झिजलेली खूण आणि नसलेली खूण सारखीच दिसते. तिरप्या उजेडात धरलं की उलगडतं.

एका मुलीला 1985 च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच सापडला. तो रुपया बर्मिंगहॅमला पाडलेला. आपल्या टांकसाळी कमी पडत होत्या तेव्हा सरकारने परदेशातून नाणी करवून घेतली. 1988 च्या पोलादी चार आण्यांवर सी असेल तर ती कॅनडातल्या ओटावाची. 1999 च्या जाड पाच रुपयांवर मॉस्कोच्या टांकसाळीची रशियन अक्षरं मिळतात. ही नाणी अजूनही कधी कधी हातात येतात, आणि खूण माहीत असलेल्या माणसाला सुटे पैसे मोजताना बर्मिंगहॅम, ओटावा, मॉस्को भेटून जातात. यासाठी खर्च शून्य. मुलीने तो रुपया रात्री घरी न्यायची परवानगी मागितली, दिली.

9 मार्च, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

निवृत्त शिक्षक असलेले सर आले. त्यांना लहानपणापासून दिसत नाही. पाट्यांचा ब्रेल मजकूर तपासायला त्यांना बोलावलं होतं, पण ते ट्रेवरच बसले. मी ॲल्युमिनियमची सगळी नाणी मिसळून पुढे ठेवली. त्यांनी एकेक उचललं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि किमतीप्रमाणे लावत गेले. एकही इकडचं तिकडे झालं नाही.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतकी वर्षं ही नाणी जमवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आकार जोडीने येतात. चौकोन दोन: छोटा तो एक पैसा, मोठा तो पाच. पाकळ्यांचे दोन: छोटा दोन पैसे, मोठा दहा. षटकोन दोन: छोटा तीन पैसे, आणि 1982 पासून मोठा वीस पैसे. गोल राहिले ते चार आणे आणि आठ आणे, तेही जड धातूचे. आकार कळला की निम्मं काम झालं, मग फक्त लहान की मोठा एवढंच ठरवायचं. ज्या देशात निम्म्याहून जास्त लोकांना तेव्हा वाचता येत नव्हतं, त्या देशाला असली नाणी हवी होती. अंधारात, गर्दीत, धोतराच्या सोग्यात बोट घालूनही चुकायला वाव नाही. ही परंपरा आण्यांच्या काळापासूनची आहे, अर्धा आणा आणि चवली चौकोनी, आणा पाकळ्यांचा.

पुढे पोलादी नाणी दिली. 1988 ला आलेली दहा, पंचवीस, पन्नास पैसे आणि 1992 चा रुपया, सगळी गोल. पण सर म्हणाले, “यातही शिस्त आहे, मोजून बघा.” पट्टी लावली: 16, 19, 22, 25 मिलिमीटर. बरोबर तीन-तीनच्या पायऱ्या. दोन रुपये त्या काळात अकरा कोनांचे होते, त्यामुळे वेगळेच. पाच रुपये जाडजूड, नऊ ग्रॅमचे.

मग 2011 ची मालिका. पन्नास पैसे 19, रुपया 22, दोन रुपये 25. म्हणजे प्रत्येक नाणं एक पायरी खाली उतरलं. नवे दोन रुपये जुन्या रुपयाच्या मापाचे आणि वजनाचे, नवा रुपया जुन्या आठ आण्यांच्या मापाचा, आणि जुनी नाणी बाजारात तशीच फिरत होती. सरांनी दोन्ही हातांत एकेक धरून मला म्हटलं, “डोळे मिटा आणि सांगा रुपया कोणता.” मी सांगू शकले नाही. कुणालाच सांगता येणार नाही, कारण सांगण्यासारखा फरकच ठेवलेला नाही. रिक्षावाल्याला, भाजीवालीला नाणं देताना रोज दुसऱ्याला विचारावं लागणं म्हणजे काय, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मला राग आला. जे 1965 साली जमलं होतं ते 2011 साली सोडून दिलं गेलं.

मार्च 2019 मध्ये जाहीर झालेली नवी मालिका दृष्टिहीनांचा विचार करून आखलेली आहे. किमतीबरोबर आकारमान वाढतं, वीस रुपयांना बारा कोन दिले. सरांना वीसचं नाणं आवडतं. “हे कुणाला विचारावं लागत नाही,” म्हणाले.

आजपासून ट्रेची रचना बदलली. सालवार लावणार होते, आता आकारवार. चौकोन, पाकळ्या, षटकोन, गोल.

16 मार्च, रविवार

दुसरा ट्रे: घोषवाक्यांची नाणी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी आणि इतर निमित्तांनी 1970 ते 1982 या काळात पाच, दहा, वीस पैशांवर जे संदेश आले ते. 1970 चं पितळी रंगाचं वीस पैसे, कमळ आणि ‘सर्वांसाठी अन्न’. 1974 चं दहा पैसे, नियोजित कुटुंब. 1975 समता, विकास, शांती. 1976 अन्न आणि काम. 1977 विकासासाठी बचत. 1978 अन्न आणि निवारा. 1979 बालक वर्ष. 1980 ग्रामीण स्त्रियांची प्रगती. 1982 दिल्लीतलं एशियाड.

ओळीने ठेवली की एका दशकाची काळजी वाचता येते. वर्तमानपत्र घरी येत नव्हतं तिथेही दहा पैसे जायचे. कुटुंबाच्या नाण्याखाली काय लिहायचं यावर मी बराच विचार केला. नाणं आणीबाणीच्या आधीचं आहे, पण 1976 साली नसबंदीची सक्ती चालू होती तेव्हाही ते लोकांच्या खिशात होतं. चिठ्ठीवर ही दोन्ही वाक्यं लिहिली.

याच ट्रेच्या कोपऱ्यात आपली नाणी: 1999 चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, 2002 चे तुकोबांचे दोन रुपये, लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. चलनात फिरून कडा बोथट झालेलीच निवडली. ज्ञानोबांच्या रुपयावर कुणाच्या तरी हळदीकुंकवाचा डाग बसलाय, तो राहू दिला.

ग्रुपवर फोटो टाकल्यावर दोघांनी विचारलं, वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना जातं ते तुमच्याकडे आहे का. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, टेबलावरही लावणार आहे: ते नाणं भरपूर आहे, किरकोळ भावात मिळतं. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी फी किंवा कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं आहे. अशा व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाला तिच्या नावाने पैसे मागायचा अधिकारही दिलेला नाही.

22 मार्च, शनिवार

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचा आग्रह, काच बसवा, नाणी जातील. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथलं सगळं काचेआड आहे आणि तसंच असायला हवं, कारण ती नाणी पुन्हा मिळायची नाहीत. आमची मिळतात. दोन पैसे हरवले तर जुन्या बाजारातल्या गोणपाटात मूठभर आहेत. हे नाणं स्वस्त आहे म्हणूनच ते माणसाच्या हातात देता येतं, आणि हातात दिल्याशिवाय त्याचं वजन, कड, जोडीचा आकार काहीच कळत नाही. मी काटा आणि पाच पैशांची दोन नाणी, दीड ग्रॅमचं आणि एक ग्रॅमचं, घेऊन गेले होते. सदस्यांनी दोन्ही धरून बघितली. काचेचा विषय बंद झाला.

1 एप्रिल, मंगळवार

उघडलं. शाळेचा एक वर्ग आला. मुलांनी कधीच न पाहिलेली वस्तू म्हणजे तीन पैसे, सगळ्यात जास्त हात त्याला लागले. एकाने विचारलं, “तीन पैशांत काय यायचं?” आत्या शेजारीच बसली होती, तिने उत्तर दिलं आणि मग अर्धा तास तीच बोलत होती. ‘डोळे मिटून ओळखा’ हा ट्रे सरांनी सांभाळला. बाजारातले ते वयस्कर गृहस्थ निरोप पाठवला म्हणून साताऱ्याला आले, षटकोनाची जोडी त्यांनी दोनदा तपासली, आणि स्वतःकडची एक झिजलेली शिवराई ट्रेमध्ये ठेवायला दिली. नियमात बसत नाही, तरी ठेवली. उचलून बघायचीच आहे.

13 एप्रिल, रविवार

मोजदाद. षटकोनातली काही नाणी गेली आहेत, पोलादी आठ आणे उलट वाढलेत. कुणीतरी घरातले आणून टाकतंय. कामं राहिली ती अशी: 1970 च्या वीस पैशांचं दुसरं नाणं आणणे, कांस्याचे नये पैसे आणखी घेणे, ब्रेल पाट्या जाड कागदावर पुन्हा काढणे कारण ठिपके दबले आहेत. सरांनी सुचवलंय की 2019 ची पूर्ण मालिका वीस रुपयांसकट शेवटच्या ट्रेमध्ये जोडावी, जुन्या चौकोनाशेजारी. बुधवारी बाजार आहे, जमलं तर जाईन.